पेनांग हिलवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेबद्दल

सर, नमस्कार.

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या पेनांग हिल या डोंगरावर आणि तिथल्या फ्युनिक्युलर रेल्वेवर मी लिहिलेला लेख म्हणजे इंग्रजांच्या थाटाचे गोडवे, फ्युनिक्युलर म्हणजे शेवटी रोपवेच, आणि आंबोली हाकेच्या अंतरावर असताना बेळगावकराने थंड हवेसाठी मलेशिया गाठायचं कारण नाही, असं तुम्ही लिहिलंत. खानापूरहून इतकं मन लावून कुणी वाचतं याचा आनंद आहे, पण पहिले दोन मुद्दे मला मान्य नाहीत.

रोपवेचा डबा हवेत लोंबतो. फ्युनिक्युलरचा डबा जमिनीवरच्या रुळांवरून चढतो. एकाच दोराच्या दोन टोकांना दोन डबे असतात. वरचा उतरताना त्याचं वजन खालच्याला वर ओढतं, मोटारीला फक्त उरलेला भार पेलायचा असतो. मधोमध रूळ दुहेरी होतात आणि दोन्ही डबे एकमेकांच्या शेजारून निघून जातात. आतली फरशी पायऱ्यापायऱ्यांची, त्यामुळे एवढ्या उभ्या चढावरही माणूस सरळ उभा राहतो. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८पासून हीच सोय आहे. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना तिच्यामुळे देवीचं दर्शन घडतं, त्याला थाट कसा म्हणायचा?

पेनांग हिलवर थाट होता तो या रेल्वेच्या आधी. इंग्रज या डोंगरावर अठराव्या शतकाच्या अखेरीसच पोचले. १९२३ साली रेल्वे सुरू होईपर्यंत वर जायचं तर पायी, तट्टावरून, नाहीतर मजुरांच्या खांद्यावरच्या डोलीतून. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं, पण १७९६मध्ये तिथली पहिली वसाहत मोडली तेव्हा तिथले कैदी पेनांगलाच हलवले होते. हिंदुस्थानातून आणलेले असे कैदी त्या बेटावर रस्त्यांच्या कामाला जुंपले जात. वरचे बंगले बघताना माझ्या डोक्यात हीच माणसं होती, म्हणून मी रुळांबद्दल भरभरून लिहिलं. रूळ आले आणि माणसाने माणसाला वाहून नेणं संपलं.

पूर्वी मधल्या स्टेशनवर गाडी बदलावी लागे आणि अर्धा तास जाई. २०११मध्ये नवे स्विस डबे आले, आता काही मिनिटांत थेट माथा. आमच्या डब्यात एक तमिळ आजी होत्या, मांडीवर नारळ आणि मोगऱ्याची पुडी. वरच्या मुरुगनच्या देवळात निघाल्या होत्या. गव्हर्नरसाहेब ज्या हवेसाठी चढायचे, तीच हवा आज या आजींची आहे, आणि ते मला फार मोठं वाटतं.

आंबोलीचं मात्र तुमचं खरं. आपल्या बेळगावच्या कॅम्पातल्या इंग्रजी पलटणींचा माल वेंगुर्ला बंदरातून त्याच घाटाने वर यायचा, आणि त्या वाटेवर मी अजून एक ओळही लिहिलेली नाही. तुमच्या भागात त्या रस्त्यावरच्या गाडीवानांच्या घरातलं कुणी जुनं माणूस असेल, तर गाव कळवा. मी भेटायला येतो.