आठ दिवस मागितले, शाल-श्रीफळ मिळाले

गेल्या रविवारी सायंकाळी साडेचार वाजता माझा जाहीर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, कोमेजू लागलेला पुष्पगुच्छ आणि ‘आधुनिक श्रावणबाळ’ असे सोनेरी अक्षरांत कोरलेले सन्मानचिन्ह सांभाळत मी रिक्षातून घरी पोहोचले, तेव्हा आई दाराच्या कडीशी झटत होती आणि जिच्या भरवशावर तिला सोडून गेले होते त्या शेजारच्या काकू रडकुंडीला आल्या होत्या. आईला खुर्चीतून कोणी उठवल्याशिवाय उठता येत नाही, पण एकदा उठवले की ती थांबत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितले होते. तरीही त्यांनी मोठ्या मनाने तिला उठवले होते. मी कोणाकडेही सन्मान मागितला नव्हता. मी आठ दिवस मागितले होते.

माझ्या हर्नियाची शस्त्रक्रिया करायची आहे. त्यानंतर सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही, असे शल्यचिकित्सकांनी बजावले आहे. आईचे वजन ५४ किलो आहे आणि ते मला दिवसातून किमान सात वेळा उचलावे लागते. सहा आठवडे मागण्याइतकी मी निर्लज्ज नाही, म्हणून निदान पहिल्या आठ दिवसांपुरती तिची कोठे सोय होईल का आणि त्या खर्चाला शासनाचा काही हातभार लागेल का, एवढेच विचारायला मी एका सरकारी कार्यालयात गेले. घरी राहून शुश्रूषा करणाऱ्या चोवीस तासांच्या बाईचे दिवसाला १,३०० रुपये, तिला पाठवणाऱ्या ब्युरोची नोंदणी वेगळी आणि बाई तिसऱ्या दिवशी गावच्या जत्रेला निघून जाणार नाही याची हमी कोणीच देत नाही. जी खासगी केंद्रे आईसारख्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ठेवून घेतात, त्यांना किमान एक महिना हवा असतो आणि वर अनामत रक्कम. आठ दिवस म्हटले की पलीकडचा आवाज असा होतो, जणू मी दुकानात जाऊन अर्धी साडी मागितली आहे.

कार्यालयातील गृहस्थ उद्धट नव्हते, हे मला मुद्दाम नमूद केले पाहिजे, कारण उद्धट माणसाशी भांडून निदान मोकळे तरी होता येते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, आईचे वय विचारले, आजार विचारला आणि मग अतिशय हळुवारपणे म्हणाले, “पण मॅडम, त्या निराधार नाहीत ना. तुम्ही आहात.” वृद्धांच्या ज्या निवासी केंद्रांना केंद्र सरकारचे अनुदान मिळते, ती निराधार वृद्धांसाठी आहेत. मी उद्या पहाटे आईला स्थानकावरच्या बाकावर बसवून पळून गेले, तर ती पात्र ठरेल. गेली आठ वर्षे मी पळून गेले नाही, हीच तिची अपात्रता.

यानंतर जे झाले ते यादीवाचन होते आणि माझ्यासारख्या प्रत्येकीने ते कधी ना कधी ऐकलेले असणार. ‘श्रावणबाळ’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तरच, आणि वडिलांच्या मागे आईला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन तेवढे कमी नाही. ‘मुख्यमंत्री वयोश्री’चे एकरकमी ३,००० रुपये काठी, चष्मा, कमोडची खुर्ची अशा साहित्यासाठी, आणि तिथेही उत्पन्नाची अट. सत्तरीपुढच्यांना मिळणारे पाच लाखांचे आयुष्मान संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावर, आणि आईला दाखल करण्यासारखे काहीच झालेले नाही. जे झाले आहे ते घरीच होते, रोज, रात्री अडीच वाजता. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ योजनेत घरच्या माणसाला विसावा मिळावा म्हणून तात्पुरत्या निवासाची कल्पना खरोखरच आहे, परंतु तो न्यास १९९९ च्या कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी स्थापन झाला. माझी आई ब्याऐंशीव्या वर्षी विसरू लागली. एवढ्या उशिरा आजारी पडण्याआधी तिने कायदा वाचायला हवा होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मी मात्र वाचला आहे, कारण रात्री अडीचनंतर झोप लागत नाही. त्यात काळजी घेणाऱ्या व्यक्तीची व्याख्या आहे आणि तीत मोबदला न घेणारे आई-वडील व कुटुंबीयही धरलेले आहेत. कलम २४ मध्ये तर जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे, मात्र त्याच कलमाच्या आरंभी शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत योजना आखाव्यात, अशी पळवाट आहे. त्या कायद्यातील दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांच्या यादीत स्मृतिभ्रंश हा शब्द नाही. मानसिक आजाराच्या रकान्यात आईला दाटीवाटीने बसवून प्रमाणपत्र मिळवावे लागते. हे सगळे मी त्या गृहस्थांना ऐकवले. कलमाचा क्रमांक सांगताना माझा आवाज चढला आणि मागच्या रांगेतील दोघे आपापली कागदपत्रे छातीशी धरून मागे सरकले. आपल्या राज्यात ‘काळजीवाहू’ हा शब्द फक्त सरकार पडल्यावर उच्चारला जातो, आणि त्या काळजीवाहूंना बंगला, गाडी व शिपाई मिळतो, असेही मी म्हणाले. ते हसले. त्यांनी माझे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून घेतला आणि मला वाटले, की चला, काहीतरी हलले.

हलले ते हे, की त्यांनी सत्कारासाठी माझे नाव सुचवले.

ज्येष्ठ नागरिक दिन १ ऑक्टोबरला असतो, पण प्रमुख पाहुण्यांना सवड नसल्यामुळे आमच्याकडे तो नोव्हेंबरात साजरा झाला. निमंत्रणाचा दूरध्वनी आला तेव्हा आईजवळ कोण बसणार, असे मी विचारले, त्यावर पलीकडून उत्साहाने उत्तर आले, “त्यांनाही घेऊन या की! व्यासपीठावर बसवू.” जी बाई आरशातल्या स्वतःला पाहून “ही कोण आली आहे, हिला चहा द्या” म्हणते, तिला तीनशे माणसांसमोर ध्वनिक्षेपकाशेजारी बसवण्याची ही कल्पना. मी नकार देऊन दूरध्वनी ठेवायला हवा होता. ठेवला नाही, याचे कारण पुढे सांगते.

प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटे बोलले. एकत्र कुटुंब कसे मोडले, परदेशी गेलेली मुले कशी फिरकत नाहीत आणि वृद्धाश्रम हा समाजाला लागलेला कलंक कसा आहे, हे सांगता सांगता त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, की ह्या भगिनीकडे पाहा, हिने आईला आश्रमात टाकले नाही. त्या क्षणी माझ्या पर्समध्ये अकरा आश्रमांचे क्रमांक लिहिलेला कागद होता. सकाळी मी त्यांतील नऊ ठिकाणी दूरध्वनी केला होता आणि दोन ठिकाणी जेवणाची सुट्टी होती. ‘टाकणे’ या क्रियापदाचा मला मनस्वी तिटकारा आहे. मूल पाळणाघरात ‘ठेवतात’, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ‘ठेवतात’, फक्त आईला ‘टाकतात’. ‘पुण्य’ हा दुसरा शब्द. आठ वर्षांचे पुण्य साठले आहे म्हणतात, ते ब्युरोवाला घेत असेल तर मी आजच वळते करायला तयार आहे.

आणि श्रावणबाळ! ज्याच्या नावाने हे सन्मानचिन्ह कोरले, त्या मुलाने कावड एकदाच खाली ठेवली, तीही पाणी आणण्यापुरती, आणि तेवढ्यात बाण लागला. दशरथाला पश्चात्ताप झाला, पण आंधळ्या म्हातारा-म्हातारीपाशी तेवढा वेळ बसायला कोणीच नव्हते. आता गेली कित्येक वर्षे योजनेचे नावही तेच आणि पुरस्काराचेही तेच.

नातेवाइकांबद्दल लिहायचे नाही असे ठरवले होते, पण जर्मनीतल्या चुलतभावाला वगळणे शक्य नाही. त्याच्या सासूबाई तिकडच्याच; काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला सुट्टी मिळावी, तेवढे दिवस बदली माणूस किंवा तात्पुरता निवास घेता यावा, म्हणून त्यांच्या शुश्रूषा विम्यातून वर्षाला ३,५३९ युरोपर्यंत खर्च मिळतो. हे त्याने मला तीन वेळा समजावून सांगितले आणि प्रत्येक वेळी शेवटी “तसे कमीच पडतात” असे म्हटले. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून दरमहा ६०० रुपये ठरवलेले आहेत. त्यात ब्युरोची बाई अर्धा दिवसही थांबणार नाही, पण निदान कोणत्या तरी वहीत त्या माणसाला रकाना आहे. आमच्याकडे दर नोव्हेंबरला आईच्या हयातीचा दाखला मागतात, तिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही आणि चेहरा दाखवायला ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. तिला हयात ठेवणारी व्यक्ती हयात आहे का, हे कोणी विचारत नाही.

आता मी का गेले ते सांगते. गेली दोन वर्षे मी एकही चांगली साडी नेसले नव्हते. मोरपंखी पैठणी कपाटात घड्यांवर विरू लागली होती. शिवाय मला बोलायला दोन मिनिटे मिळणार होती आणि त्या दोन मिनिटांत कलम २४, निराधार शब्दाची व्याख्या आणि काळजीवाहू मंत्र्यांचे बंगले, असे सारे काही मी आदल्या रात्री पाठ केले होते. ध्वनिक्षेपक हातात आला, समोरून टाळ्या पडल्या, आणि मी म्हणाले, “धन्यवाद. हे तर माझे कर्तव्यच आहे.”

हे माझ्याच तोंडून निघाले. वर मी नमस्कारही केला. छायाचित्रात मी इतकी प्रसन्न हसत आहे, की ते पाहून कोणीही मला आणखी एखादी आई सांभाळायला देईल.

शाल आईने घेतली, ती उबदार निघाली. नारळ मात्र खवट निघाला. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. मावसबहीण तीन दिवस येते म्हणाली आहे, गुडघ्यांचे दुखणे तोपर्यंत वाढले नाही तर. उरलेल्या पाच दिवसांची विवंचना सुरू असतानाच आज सकाळी त्या कार्यालयातून पुन्हा दूरध्वनी आला आणि माझ्या मनाने क्षणभर उडी मारली. सन्मानचिन्ह मिळाल्याची पोच राहिली आहे, असे ते गृहस्थ नेहमीच्याच हळुवारपणे म्हणाले. दोन प्रतींत सही लागेल, अकरा ते एक या वेळेत, आणि समक्ष यावे लागेल.