त्या स्लाइडवर १९६१ साल कुठे होते?

आज संध्याकाळी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात अंतराळ उद्योगावरचे व्याख्यान ऐकून घरी आलो आणि तेव्हापासून डोके शांत व्हायला तयार नाही. छोटे, स्वस्त उपग्रह बांधायचे आणि दुसऱ्याच्या रॉकेटवर उरलेल्या जागेत बसवून पाठवायचे, ही कल्पना गेल्या दहा-बारा वर्षांत नवउद्योगांनी आणली, त्याआधी अवकाश ही फक्त सरकारांची मिरास होती, असे वक्त्यांनी स्लाइडवर दाखवून छातीठोकपणे सांगितले आणि टाळ्याही घेतल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी हॅम रेडिओवाल्यांच्या, म्हणजे परवाना काढून हौसेखातर रेडिओ संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्यांच्या, उपग्रहांचा विषय काढला, तेव्हा ‘तो छंद झाला हो काका, आपण उद्योगाबद्दल बोलतोय’ असे म्हणून वक्ते हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. चुकीची माहिती मी एक वेळ पोटात घातली असती, पण ते हसणे घालता येत नाही.

छंद तर छंद. एप्रिल १९५९ मध्ये, स्पुटनिक या पहिल्या उपग्रहाला दोन वर्षेही झालेली नसताना, डॉन स्टोनर नावाच्या अमेरिकन हॅमने एका रेडिओ मासिकातल्या आपल्या सदरात अर्धवट थट्टेने विचारले होते की, कक्षेत जाण्यासाठी कोणाकडे एखादे जादा रॉकेट आहे काय. कॅलिफोर्नियातल्या काही हॅममंडळींनी ती थट्टा मनावर घेतली, आणि १२ डिसेंबर १९६१ रोजी व्हॅन्डेनबर्ग तळावरून त्यांचा ‘ऑस्कर १’ हा उपग्रह उडाला. अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटमध्ये वजनाचा तोल साधण्यासाठी निर्जीव भार ठेवत असत. त्या भाराच्या जागी जेमतेम साडेचार किलोंचा हा डबा बसवण्यात आला, आणि जागा वाकडी होती म्हणून डब्याचा आकारही वाकडाच ठेवावा लागला. मुख्य उपग्रहाबरोबर जाऊन पुढे स्वतंत्र कक्षेत सोडला गेलेला हा अगदी सुरुवातीच्या दुय्यम उपग्रहांपैकी एक होता. वक्त्यांनी आज ज्या कल्पनेवर टाळ्या घेतल्या, ती नेमकी हीच.

त्या डब्यातला ट्रान्समीटर होता १४० मिलिवॉटचा, म्हणजे विजेरीच्या बल्बलासुद्धा हसू यावे इतका. तो मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेषांच्या सांकेतिक लिपीत, फक्त ‘एचआय’ पाठवत असे, आधी चार टिंबे आणि मग दोन. (हॅममंडळी मोर्समध्ये हसायचे असले तरी हेच पाठवतात.) आतले तापमान बदलले की टिंबांची गतीही बदले, त्यामुळे हातात घड्याळ घेऊन ऐकणाऱ्या कोणालाही उपग्रहाचा ताप मोजता येत असे. २८ देशांतल्या ५७०हून अधिक हौशी श्रोत्यांनी आपल्या नोंदी कळवल्या. बॅटरी जेमतेम तीन आठवडे पुरली.

ही टिंबे मी ऐकली आहेत. त्या उपग्रहाची अर्थातच नव्हेत, त्याच्या धाकट्या भावंडाची. गेल्या हिवाळ्यात आठवीतल्या भाचीला घेऊन पहाटे गच्चीवर गेलो होतो. पीव्हीसीच्या पाइपावर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेला अँटेना तिच्या हातात होता आणि रिसीव्हर माझ्या. बराच वेळ नुसती खरखर चालली होती. मग तिने अँटेना थोडा उत्तरेकडे वळवला आणि खरखरीतून बारीक शिट्टीसारखी टिंबे वर आली: चार, दोन, चार, दोन, आणि पाठोपाठ आकडे. उपग्रह जवळ येऊन दूर जाऊ लागला तसा सूर हळूहळू उतरत गेला आणि मी डायल फिरवत त्याच्या मागे धावत राहिलो. तो ‘ऑस्कर ७’ होता.

१५ नोव्हेंबर १९७४ रोजी गेलेला हा उपग्रह १९८१ मध्ये बॅटरी बिघडल्याने गप्प झाला आणि सर्वांनी त्याला मेलेला मानला. जून २००२ मध्ये तो अचानक पुन्हा ऐकू आला. बॅटरीतल्या ज्या शॉर्टसर्किटने त्याला मारले होते, तोच जोड पुढे कधीतरी तुटला आणि सौरपट्ट्यांची वीज थेट यंत्रापर्यंत पोहोचू लागली. तेव्हापासून तो उन्हात आला की जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. हे सांगितल्यावर भाचीने विचारले, ‘म्हणजे मामा, हा तुझ्यापेक्षा मोठा आहे?’ आहे, बाई, आहे. आणि त्या सभागृहात ज्या नवउद्योगांची नावे झळकत होती त्या सगळ्यांपेक्षाही मोठा आहे.

मान्य करतो की हवाई दलाने जागा दिली नसती तर ऑस्कर जमिनीवरच राहिला असता, आणि हे हौशी लोक दिवसा अवकाश कंपन्यांतच नोकरी करणारे होते. पण रात्रीचे काम त्यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये, बिनपगारी केले.

आणि केले ते सर्वांसाठी खुले ठेवले. ९ मार्च १९६५ रोजी गेलेल्या ‘ऑस्कर ३’मध्ये असा ट्रान्सपाँडर (आलेला संदेश पुन्हा खाली पाठवणारे यंत्र) होता की खालून कोणत्याही हॅमने संदेश पाठवावा आणि दूरच्या कोणीही तो ऐकावा, तोही एकाच वेळी अनेकांनी. ‘अर्ली बर्ड’ हा व्यापारी दळणवळण उपग्रह त्यानंतर जवळजवळ महिन्याभराने, ६ एप्रिलला उडाला. उद्योग आधी आणि छंद नंतर, हा क्रम कुठून आणला, हे वक्त्यांनाच ठाऊक! १९७० चा ‘ऑस्कर ५’ तर मेलबर्न विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बांधला. त्याचे अँटेना सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीचे होते, आणि त्याला स्थिर ठेवायला आत साधे चुंबक बसवले होते. भाचीच्या हातातल्या मोजपट्टीला इतके जुने घराणे आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसला नाही.

सगळ्यात जास्त राग याचा येतो की हे व्याख्यान पुण्यात झाले. याच शहरातल्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला. जेमतेम किलोभर वजन, काम हॅम रेडिओवरून संदेश पोहोचवण्याचे आणि स्थिर राहण्याची युक्ती तीच, चुंबकाची. त्याआधी ५ मे २००५ रोजी इस्रोने ‘हॅमसॅट’ पाठवला होता. त्यातल्या दोन ट्रान्सपाँडरांपैकी एक भारतीय आणि दुसरा एका डच विद्यार्थ्याने बनवलेला होता, आणि २०१४ पर्यंत जगभरचे हॅम तो फुकट वापरत होते. यांपैकी एकाचेही नाव स्लाइडवर नव्हते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. वक्ते तरुण आहेत, स्वतःची कंपनी उभी करत आहेत, आणि हा इतिहास त्यांना कोणी शिकवलाही नसेल. म्हणून त्यांना आत्ताच सविस्तर मेल केला असून, पुढच्या व्याख्यानात पहिल्या स्लाइडवर १२ डिसेंबर १९६१ ही तारीख घालावी, आणि जमल्यास मागच्या रांगेतल्या त्या काकांना एक फोन करावा, अशी विनंती केली आहे. उत्तर आले तर इथेच कळवीन.