हलवता येणारं कुंपण

शेळीच्या लेखी कुंपण ही एक सूचना असते. ती सूचना नीट वाचते, थोडा विचार करते आणि मग स्वतःला योग्य वाटेल तसं वागते. गाय कुंपणापाशी येऊन थांबते. म्हैस अंग घासते आणि कुंपण मोडून पडलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटतं. मेंढी पुढची थांबली म्हणून थांबते. शेळी कोपरा शोधते. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीच्या वर शेळ्या भरल्या. मोजायला त्या उभ्या कशा राहिल्या, हे मला अजून कळलेलं नाही.

आमची जमीन पुरंदर तालुक्यात. मुरमाड, उताराची, पाण्यावर रुसलेली. नोकरी संपल्यावर मी तिथे उस्मानाबादी शेळ्या आणल्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, जुळी करडं देणाऱ्या. एका बांधाला सीताफळं आहेत. शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही, त्यामुळे त्या बाजूचं कुंपण निसर्गानेच करून दिलेलं. दुसऱ्या बाजूला मात्र चुलतभाऊ बापूची अंजिराची बाग. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शेळ्यांना त्याची कल्पना असावी, कारण समोर हिरवीगार मेथीघास पडली असताना त्या मानांकित पाल्याकडेच जातात.

"दादा, आता मी कोंडवाड्यात घालीन हां तुझी जनावरं," बापू म्हणाला. कोंडवाड्याचा कायदा 1871 चा, इंग्रजांच्या काळातला. आमच्या गावच्या कोंडवाड्यात हल्ली ग्रामपंचायतीची घंटागाडी उभी असते, तेव्हा धमकीत दम नव्हता. पण बापूच्या आवाजात होता.

कायमचं कुंपण का घातलं नाहीस, असं लोक विचारतात. सिमेंटचे पोल आणि चेनलिंक जाळी यांचा अंदाजखर्च काढला, तेव्हा त्या पैशात बापूची अंजिरं विकत घेऊन शेळ्यांना चारणं स्वस्त पडलं असतं. शिवाय चारा एका जागी थांबत नाही. बाजरी निघाली की त्या रानात, वाटाणा निघाला की या रानात, मग पडीक माळावर. जनावरांच्या डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. एकाच तुकड्यात रोज चारलं की लेंड्यांतल्या जंतांची पिल्लं गवतावर चढतात आणि परत शेळीच्याच पोटात जातात. म्हणून तुकडा बदलत राहायचं. म्हणजे कुंपण हवं आणि ते उचलून नेता यायला हवं. इतकीच मागणी होती.

पहिला उपाय घरातूनच आला. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. खर्च शून्य, गुंडाळल्या की खांद्यावर. हिने माळ्यावरचं गाठोडं सोडलं आणि एकेका साडीची सुनावणी सुरू झाली.

"ही नको. ही आईने ओटीत दिलेली."

"बरं."

"ही पण नको. फॉल चांगलाय अजून."

"मग ही?"

"ही वन्संनी दिलेली. ही लावा." आणि जरा थांबून, "रस्त्याच्या बाजूला लावा."

साड्यांच्या कुंपणाचा एक तोटा कृषीविषयक पुस्तकांत कुठेही दिलेला नाही. ते वाचता येतं. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबायच्या, बोट दाखवायच्या आणि आमच्या घराण्याचा देण्याघेण्याचा इतिहास एकमेकींना सांगायच्या. माझी बहीण दिवाळीला आली तेव्हा तिने एसटीतून उतरायच्या आधीच स्वतःची साडी ओळखली. तोवर शेळ्यांनी सुती साड्यांचे काठ खाऊन झाले होते आणि नायलॉनच्या साड्यांखालून त्या आरामात ये-जा करत होत्या. डॉक्टरांनी वेगळाच दम भरला. कापडाच्या चिंध्या पोटात अडकल्या तर जनावर दगावतं, काढा ते सगळं. काढलं. बहिणीला दुसरी साडी घ्यावी लागली, ती धरली तर कुंपण फुकटात पडलं असं म्हणता येणार नाही.

मग लोखंडी पॅनेल बघितले. दहा फूट रुंद, चार फूट उंच, एकात एक अडकवायचे, खिळा ठोकायचा नाही, खड्डा खणायचा नाही. "एकटा माणूस आरामात उचलतो," असं म्हणून दुकानदाराने कामावरच्या पोराला हाक मारली. पोरगा तालमीतला होता. त्याने एका हाताने पॅनेल उचलून फिरवून दाखवला. पोरगा किमतीत धरलाय का, असं विचारल्यावर दुकानदार हसला. मी हसलो नव्हतो.

पॅनेलमध्ये बघायची गोष्ट म्हणजे पट्ट्यांची दिशा. आडव्या पट्ट्या आपल्याला मजबुतीसाठी वाटतात, शेळी त्यांच्याकडे पायऱ्या म्हणून बघते. पुढचे दोन पाय दुसऱ्या पट्टीवर ठेवून ती आजूबाजूच्या शेतांची पाहणी करते. चौकोनी जाळी लावावी तर चौकोन लहान हवेत. मोठ्या चौकोनातून शिंगांचं डोकं आत जाताना शिंगं मागे वळलेली असल्याने सहज जातं, मागे येताना त्याच शिंगांमुळे अडकतं. एका ओळखीच्यांकडे हे बघून आलो. शेळी अडकलेली, मालक घामाघूम, आणि तिची सुटका झाल्याबरोबर तिने परत त्याच चौकोनात डोकं घातलं. पलीकडचं गवत होतंच तसं.

शेवटी गाडी सोलर झटका मशीनवर आली. हल्ली कृषी प्रदर्शनात ज्या तंबूभोवती सर्वांत जास्त गर्दी आणि ज्या तारेभोवती सर्वांत जास्त रिकामी जागा, तो स्टॉल याचा. या यंत्राची पूर्वपीठिका मला फार आवडली. न्यूझीलंडमधल्या बिल गॅलाघर नावाच्या शेतकऱ्याचा घोडा त्याच्या मोटारीला अंग घासायचा. 1930 च्या दशकात त्याने मोटारीलाच अशी जोडणी केली की घोड्याने घासलं की झटका बसावा. घोड्याने नाद सोडला आणि पुढे त्यातून कुंपणाचा धंदा उभा राहिला. बापूला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याकडं घोड्यानं घासलं असतं तर मोटार विकली असती."

स्टॉलवरच्या पोराने विचारलं, "सर, जूल किती पाहिजेत?"

जूल, म्हणजे झटक्यातली ऊर्जा मोजायचं माप, मला शाळेत शेवटचे भेटले होते आणि तेव्हाही आमचं पटलं नव्हतं. मी "मध्यम" म्हणालो. त्याने फळ्यावर आकृती काढून समजावलं, आणि खरं सांगायचं तर छान समजावलं. बारा व्होल्टची बॅटरी, तिच्यावरून यंत्र साधारण सेकंदाला एक ठोका तारेत सोडतं. व्होल्ट हजारांत, पण ठोका डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी संपतो, म्हणून लागतं सणकून आणि जीव जात नाही. जनावर तारेला टेकलं की वीज त्याच्या अंगातून पायांत, पायांतून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगच्या सळईत आणि तिथून परत यंत्रात. हा फेरा पुरा झाला तरच झटका. घरच्या लाइनीची वायर थेट तारेला जोडली तर हे काहीही उरत नाही, सरळ माणूस मरतो. असल्या कुंपणाला चिकटून गेलेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात, तरी गावात एखादा शहाणा निघतोच, "कशाला मशीन, आकडा टाकू की" म्हणणारा. त्याला मी शेळीइतकंही ऐकून घेत नाही.

"हात लावून बघा ना सर," पोरगा म्हणाला. सगळी गर्दी एक पाऊल मागे सरली आणि मी पुढे आहे, असं दिसलं.

लावला. पुढची काही वाक्यं छापण्याजोगी नाहीत. ती ऐकून शेजारच्या ठिबकच्या स्टॉलवरचे लोकही आले.

आता विजेचं कुंपण घ्यायचं म्हटलं तरी त्यात दोन पंथ. एक पंथ जाळीवाल्यांचा. प्लॅस्टिकच्या दोऱ्यात स्टीलच्या बारीक तारा विणलेली पन्नास मीटरची जाळी, खांब आतच बसवलेले, उलगडायची आणि रोवत जायची. दिसायला सुरेख. पण ती गुंडाळताना एक खांब दुसऱ्या पदरात शिरला, की जत्रेतून आणलेल्या करदोट्यांची जुडी सोडवतो तसं बसावं लागतं. शिवाय शिंगं त्यातही अडकतातच, आणि अडकलेल्या शेळीला सेकंदाला एक ठोका बसत राहतो. करडांच्या बाबतीत तर ते बघवत नाही. दुसरा पंथ दोरीवाल्यांचा. चरख्यावर गुंडाळलेली तीच वीजवाहक दोरी, पायाने दाबून रोवायचे हलके खांब, तीन-चार पदर ओढले की झालं. हलकं, सोपं, आणि शेळीने ठरवलं तर तिला उडी मारून जायला पूर्ण मुभा.

या वादात मी गुंतलेलो असताना आमच्या रानात धनगरांचा वाडा उतरला. दरवर्षी येतात, रानात मेंढरं बसवतात, लेंड्यांचं खत होतं, आम्ही धान्य किंवा पैसे देतो. त्यातल्या म्हाताऱ्या मामांनी माझी सगळी माहितीपत्रकं उलटीसुलटी बघितली. त्यांच्यामागे त्यांची सून वाघर लावत होती. खुंट्या ठोकल्या, जाळी फिरवली, मेंढरं आत, कोकरं डालग्याखाली, कुत्री बाहेर. मी अजून जूल या शब्दाशी होतो तेवढ्यात वाडा बंद झाला होता. सकाळी तीच वाघर गुंडाळून घोड्यावर चढते आणि पुढच्या गावाला निघते.

"मालक," मामा म्हणाले, "जाळी कंचीबी घ्या. रोज उपटून दुसरीकडं रोवायची कुनी, त्ये आधी ठरवा."

मी हिच्याकडे बघितलं. हिने मुलाकडे बघितलं. मुलाने मोबाइलकडे बघितलं. आणि कुंपणाची निवड तिथेच झाली. सर्वांत हलकं जे असेल ते, कारण उपटणार मी.

दोरीवालं घेतलं. रात्री शेळ्या गोठ्यातच असतात. आमच्याकडे बिबट्या फिरतो आणि तो दोरी किती पदरी आहे हे बघत बसत नाही. दिवसा मात्र कुंपण. आधी अंगणात शिकवणी झाली. केसांतून झटका नीट लागत नाही, पहिली ओळख नाकाने व्हावी लागते, म्हणून दोरीला गुळाचं बोट पुसायचं. पहिली शेळी आली, चाटलं, आणि चारही पायांवर एकदम वर गेली. बाकीच्यांनी तिच्याकडे बघितलं आणि, ही खूण शेळीच्या स्वभावाची, एकेक करून स्वतः खात्री करून घेतली. फक्त मास्तरीण नावाची म्हातारी शेळी आली नाही. ती लांब बसून रवंथ करत राहिली. एका दुपारी ढग आले, बॅटरी उतरली, यंत्राची टिकटिक थांबली, आणि पाहतो तर मास्तरीण अंजिरात. तिने आवाजावरून ओळखलं होतं.

दुसरी भानगड अर्थिंगची. कोरड्या मुरमात वीज फिरत नाही, म्हणून सळईच्या बुडाशी रोज पाणी ओतायचं. चाऱ्याचा तुकडा बदलला की सळई नव्या जागी, पाणी नव्या जागी. लोखंडाच्या सळईला बादलीने पाणी घालणारा माणूस गावाने याआधी पाहिलेला नव्हता. लोक मुद्दाम मोटारसायकल थांबवून "फुटवे आले का?" विचारून जातात. वाढलेलं गवत दोरीला टेकलं की वीज गवतातूनच गळते, तेव्हा सकाळी दोरीखालचं गवत कापायचं कामही माझंच. थोडक्यात, शेळ्यांनी खायचं गवत मी कापतो आणि त्या आत उभ्या राहून बघतात.

पण कुंपण चाललं, हे कबूल केलं पाहिजे. बापूची बाग वाचली. बापू रोज संध्याकाळी बांधावर येऊन टिकटिक ऐकायचा. मग एक दिवस म्हणाला, "दादा, हे उचलून नेता येतं ना?"

"येतं की. तेच तर वैशिष्ट्य आहे."

"मग दोन दिवस दे. माझ्या वाटाण्यात डुकरं शिरायलीत."

आमच्या गावात जे उचलता येतं ते मागता येतं, आणि जे मागता येतं ते नेता येतं. माहितीपत्रकात हा मुद्दा नव्हता. बापूने यंत्र, दोरी, खांब, सळई सगळं ट्रॉलीत घातलं आणि जाताना बादलीही मागितली. वाटाणा निघाला, आता त्याचा कांदा उभा आहे. माझ्या शेळ्या सध्या बाभळीला दोराने बांधलेल्या असतात, मास्तरीण सोडून. तिचा दोर सापडत नाही.

काल बापूचा फोन आला. "दादा, तुझ्या मशीनची बॅटरी उतरलीय. भरून देतो का?"