पेग लेग बेट्स सैनिक नव्हते

‘पहिल्या महायुद्धात पाय गमावलेला सैनिक टॅप नर्तक (बुटांच्या ठोक्यांवर नाचणारा) झाला’ या ओळीसह क्लेटन ‘पेग लेग’ (म्हणजे लाकडी पाय) बेट्स यांचा फोटो फिरतोय. ही माहिती चुकीची आहे. त्यांचा जन्म १९०७चा. युद्ध संपलं तेव्हा ते जेमतेम ११ वर्षांचे होते. पाय गेला तो बाराव्या वर्षी, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात, सरकीच्या गिरणीत राबताना. युद्धावरून परतले होते ते त्यांचे एक नातेवाईक, ज्यांनी त्यांना पहिला लाकडी पाय घडवून दिला. गोंधळ बहुधा इथेच झाला असावा. उजव्या बुटाची टपटप आणि लाकडाचा खोल ठोका, या जोडीवर त्यांनी अमेरिकन टीव्हीवरचा एड सलिव्हनचा कार्यक्रम वीसहून अधिक वेळा गाजवला. गिरणीत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाची ही गोष्ट कृपया पुसू नका.