टायगर ग्लोबलच्या निकालानं स्टार्टअपचा पैसा आटणार? असं काही नाहीये

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, की सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२६ मध्ये टायगर ग्लोबल या अमेरिकेतल्या गुंतवणूक फंडावर टॅक्स बसवला, आता परदेशी फंड भारतात पाय ठेवणार नाहीत आणि इंदूरसारख्या शहरातल्या स्टार्टअपला तर कुणी विचारणारही नाही. विजयनगरमधली पोरं हे वाचून घाबरलीयत म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे हा टॅक्स तुमच्या कंपनीत येणाऱ्या पैशावर नाहीच. फंड शेअर विकून बाहेर पडतो तेव्हा त्याला जो फायदा होतो त्यावर आहे. समजा फंडानं १० कोटी घातले आणि ५० कोटींना विकले, तर ४० कोटींवर आजच्या १२.५ टक्क्यांनी ५ कोटी, वर सरचार्ज-सेस. उरलेले ३४-३५ कोटी नफ्याचेच ना? एवढ्यासाठी कुणी चांगली कंपनी सोडत नाही.

दुसरं, ‘मॉरिशसचा रस्ता आता बंद झाला’, म्हणजे मॉरिशसच्या कंपनीतून पैसा घालून इथला टॅक्स वाचवायचा रस्ता. अहो, भारत-मॉरिशस टॅक्स करार २०१६ मध्येच बदललाय, १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर भारतात टॅक्स लागतोच. गारचे (GAAR), म्हणजे फक्त टॅक्स चुकवायला रचलेले व्यवहार पकडायचे नियमही त्याच तारखेपासून लागू आहेत, आणि तरी २०२१ मध्ये स्टार्टअपमध्ये विक्रमी पैसा आला. २०२२ पासून तो आटला तो अमेरिकेत व्याजदर चढले म्हणून, त्यात गारचा काय संबंध?

तिसरं, ‘कोर्टानं प्रामाणिक गुंतवणूकदाराला धरलं’. हे प्रकरण नीट बघा. फ्लिपकार्टच्या सिंगापूरच्या कंपनीचे शेअर टायगर ग्लोबलच्या मॉरिशसमधल्या कंपन्यांनी २०१८ मध्ये वॉलमार्टच्या सौद्यात विकले, आणि अ‍ॅडव्हान्स रूलिंगवाल्या (टॅक्स लागेल का ते आधीच सांगणाऱ्या) प्राधिकरणानं २०२० मध्येच दाखवलं होतं की अडीच लाख डॉलरच्या वरच्या व्यवहारावर नुसती मॉरिशसमधल्या संचालकांची सही पुरायची नाही, अमेरिकेतल्या माणसाचीही लागायची. निर्णय तिकडे आणि टॅक्स सवलत मॉरिशसची, मग कंपनी मॉरिशसची रहिवासी असल्याचं नुसतं रेसिडेन्सी सर्टिफिकेट दाखवून कसं भागेल?

आता फंडांची एक भीती मात्र खरी आहे, ती मी झाकणार नाही. हे शेअर २०१७ च्या आधी घेतलेले होते, जुन्या गुंतवणुकीला हात लागणार नाही असं सगळे धरून चालले होते, २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टानं तेच म्हटलं, आणि सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. सौदा २०१८ चा, शेवटचा शब्द २०२६ मध्ये! टॅक्सचा दर सोसतो माणूस, पण आठ वर्षं टांगणीला राहणं नाही सोसत, आणि बोंब मारायची तर ती यावर मारा.

आणि इंदूरच्या पोरांना खरंच ज्यानं छळलं तो एंजल टॅक्स होता, २०१२ पासूनचा. आलेल्या पैशावरच टॅक्स, शेअरचा प्रीमियम जास्त का म्हणून नोटीस, व्हॅल्युएशन रिपोर्टात पाच वर्षांचा अंदाज लिहिला आणि तेवढी विक्री झाली नाही की चौकशी. तो २०२४ च्या बजेटमध्ये गेला, त्यावर कुणी मेसेज फिरवला नाही.

तेव्हा पैसे उभारायचा राउंड चालू असेल तर फंडाच्या वकिलाला एवढंच विचारा, की टॅक्स इंडेम्निटीच्या, म्हणजे टॅक्सची भरपाई करून द्यायच्या कलमात पुढे मागणी निघाली तर भरणार कोण, कंपनी, फाउंडर की विकणारा फंड. तिथे तुमचं नाव घातलेलं असेल तर सही करायच्या आधी काढून घ्या.