‘सेलची वाट पाहा’ हा नियम सगळ्या गेमना लागू होत नाही

स्टीम या संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा उन्हाळी किंवा हिवाळी सेल जवळ आला की गेम खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा, की कोणताही गेम पूर्ण किमतीत कधीच घेऊ नये. सहा महिने थांबले की तो निम्म्या किमतीत मिळतो, तोवर त्यातले बग, म्हणजे तांत्रिक दोष, निघालेले असतात, गेम डिजिटल असल्यामुळे तो कुठे पळून जात नाही, आणि स्टुडिओला पैसे आज मिळाले काय नि वर्षाने मिळाले काय, फरक पडत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजणारा माणूस मूर्ख, असा शेवटी निकालही देऊन टाकलेला असतो.

या सल्ल्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. मोठ्या प्रकाशकाचा, एकट्याने खेळायचा, तीन-चार हजार रुपयांचा गेम घ्यायचा असेल, तर थांबण्यात बहुतेक वेळा शहाणपणच असते, आणि पॉकेटमनीतून किंवा पहिल्या पगारातून गेम घेणाऱ्या मुलामुलींना तर तेच सांगायला हवे. माझा आक्षेप ‘कधीच’ आणि ‘कोणताही’ या दोन शब्दांना आहे. एका प्रकारच्या गेमचा अनुभव सगळ्या गेमना चिकटवला जातो, आणि त्याचा फटका नेमका त्या गेमना बसतो ज्यांची किंमत मुळातच कमी असते. म्हणून या सल्ल्यातला एकेक दावा तपासून पाहू.

सहा महिन्यांत निम्मी किंमत होते, हा पहिला दावा. रॉकस्टारचा ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ नोव्हेंबर 2019 मध्ये पीसीवर आला. स्टीमवर त्याची भारतातली किंमत 3,199 रुपये होती. पुढे 67 टक्के सवलतीत तो 1,055 रुपयांना मिळू लागला आणि त्या सेलमध्ये तो घेतलेली कितीतरी मंडळी आपल्या ओळखीत असतील. 2,144 रुपये वाचले हे खरे; पण त्या सवलतीपर्यंत पोचायला सहा महिने नव्हे, दोन वर्षांहून अधिक काळ लागला. लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट 3’ ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्या वर्षअखेरच्या सेलमध्ये त्यावर जेमतेम 10 टक्के सूट होती. निम्म्या किमतीची वाट पाहणाऱ्याला तिथे मोठा धीर धरावा लागला असता. उलट काही प्रकाशकांचे गेम खरोखरच दोन-चार महिन्यांत घसरतात, हेही मान्य केले पाहिजे. म्हणजे किंमत किती लवकर उतरेल हे प्रकाशकाच्या धोरणावर ठरते, आणि ते धोरण गेमागणिक वेगळे असते.

काही गेमच्या बाबतीत तर ती उतरतच नाही. प्रागमधल्या वूब सॉफ्टवेअरने ‘फॅक्टोरिओ’ या आपल्या गेमवर कधीही सेल लागणार नाही असे उघडपणे जाहीर केले आणि ते पाळलेही. 20 डॉलरचा हा गेम 2018 मध्ये 30 डॉलरचा झाला आणि जानेवारी 2023 मध्ये महागाईचे कारण देऊन 35 डॉलरचा. जो थांबला त्याला जास्त पैसे पडले. नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीमने तुर्कस्तान आणि अर्जेंटिना या देशांतले स्थानिक चलन बंद करून तिथल्या किमती डॉलरमध्ये आणल्या, तेव्हा तर अनेक गेमच्या किमती तिथल्या खेळाडूंसाठी एका दिवसात कित्येक पटींनी वाढल्या. आपल्याकडे रुपयातल्या किमती 2015 पासून आहेत आणि त्या राहाव्यात अशीच आपली इच्छा आहे. पण किंमत फक्त खालीच जाते, हे गृहीतक धरून चालणे धोक्याचे आहे.

दुसरा दावा बगांचा. इथे ‘सायबरपंक 2077’ चे उदाहरण दिले जाते आणि ते योग्यच आहे. डिसेंबर 2020 मध्ये हा गेम इतक्या वाईट अवस्थेत आला, की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरमधून काढून टाकला आणि जून 2021 पर्यंत तो परत आला नाही. ज्यांनी प्री-ऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच आगाऊ खरेदी, केली होती त्यांची निराशा मी हलक्यात घेत नाही. प्री-ऑर्डर हा प्रकार मला अजिबात पटत नाही, कारण डिजिटल वस्तूचा साठा संपत नसताना, परीक्षणे येण्याआधी पैसे देऊन ग्राहकाच्या हाती काहीच लागत नाही. परंतु प्री-ऑर्डर करू नये आणि पूर्ण किंमत देऊ नये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेम आल्यावर आठ-दहा दिवस थांबून, तो कसा चालतो हे पाहून पूर्ण किमतीत घेता येतोच.

शिवाय ‘तोवर बग निघालेले असतात’ या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कोणीतरी ते काढत बसले आहे. सायबरपंकचा 2.0 पॅच, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा संच, सप्टेंबर 2023 मध्ये आला, कारण त्या कंपनीकडे तोवर तग धरण्याइतका पैसा आणि नाव राखण्याची गरज दोन्ही होते. बायोवेअरचा ‘अँथम’ फेब्रुवारी 2019 मध्ये आला, त्याला नव्याने घडवण्याचे आश्वासन दिले गेले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ते काम गुंडाळण्यात आले. वाट पाहणाऱ्यांना सुधारलेला गेम कधी मिळालाच नाही.

गेम कुठे पळून जात नाही, हा तिसरा दावा तर सरळच चुकीचा आहे. ‘ॲलन वेक’ मे 2017 मध्ये दुकानांतून उतरवला गेला, कारण त्यातल्या गाण्यांचे हक्क संपले होते. तो परतला ऑक्टोबर 2018 मध्ये. ‘फोर्झा होरायझन 4’ 15 डिसेंबर 2024 पासून विकत मिळत नाही. मोटारींच्या शर्यतींच्या गेममध्ये हे वारंवार घडते, कारण गाड्यांच्या कंपन्यांशी आणि संगीताच्या हक्कधारकांशी केलेले करार ठरावीक मुदतीचे असतात. अर्थात या दोन्ही गेमवर जाण्याआधी मोठी सूट होती, त्यामुळे जागरूक राहिलेल्याला ते स्वस्तातच मिळाले, हेही नोंदवले पाहिजे. पण युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे काय झाले ते पाहा: 31 मार्च 2024 रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी तो विकत घेतला होता त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. ज्याने पहिल्या वर्षी घेतला त्याला तो नऊ वर्षे खेळायला मिळाला, आणि शेवटच्या सेलमध्ये घेणाऱ्याच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडा काळ आला.

गेम दुकानात राहिला तरी तो खेळणारी माणसे राहतीलच असे नाही, आणि इतरांबरोबर ऑनलाइन खेळायच्या मल्टिप्लेयर गेममध्ये माणसे हाच अर्धा गेम असतो. पहिल्या महिन्यात सगळेच नवखे असतात, कोणालाच नकाशे पाठ नसतात, सामना लगेच जुळतो आणि हरलो तरी शिकायला मिळते. दीड वर्षाने तोच गेम चतुर्थांश किमतीत घ्यावा, तर समोर शेकडो तास मुरलेले खेळाडू असतात, आपल्या भागातल्या सर्व्हरवर माणसेच कमी असल्याने सामना दूरच्या सर्व्हरवर ढकलला जातो आणि पिंग, म्हणजे सर्व्हरकडून प्रतिसाद यायला लागणारा वेळ, वाढते. ज्या मित्रांबरोबर खेळायचे म्हणून तो विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकला होता, ते एव्हाना दुसऱ्याच गेमकडे वळलेले असतात. वाचलेले पैसे खरे असतात, पण त्या पैशांत मिळालेली वस्तू तीच नसते. दोघांनी मिळून खेळायच्या ‘इट टेक्स टू’सारख्या गेममध्ये एकाने घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर तो फुकट खेळता येतो, म्हणजे पूर्ण किमतीचेही दोन वाटे होतात, असा हिशेब हा सल्ला देणारे क्वचितच मांडतात.

आता चौथा दावा, ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतले: स्टुडिओला फरक पडत नाही. अब्जावधींची उलाढाल असलेल्या प्रकाशकाला आपल्या एका खरेदीने फरक पडत नाही हे मान्य. लहान स्टुडिओची गोष्ट अगदी वेगळी आहे. स्टीम प्रत्येक विक्रीतून 30 टक्के वाटा घेते. हा वाटा कमी होतो, पण एका गेमची कमाई एक कोटी डॉलरच्या वर गेल्यावर. म्हणजे सवलत मिळते ती मोठ्यांनाच. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा एकट्या एरिक बॅरोन यांनी घडवलेला गेम घेऊ. त्याची भारतातली किंमत 480 रुपये. त्यातून स्टीमचे 144 रुपये गेले, की करांचा विचार न करता 336 उरतात. 40 टक्क्यांच्या सेलमध्ये तोच गेम 288 रुपयांना पडतो आणि निर्मात्याकडे सुमारे 202 जातात. घेणाऱ्याचे 192 रुपये वाचले आणि निर्मात्याचे 134 गेले. फेब्रुवारी 2016 मध्ये आलेल्या या गेमला 2024 मध्येही मोठा अपडेट फुकट मिळाला. तो गेम इतका खपला आहे, की बॅरोन यांना आज या रकमेची फिकीर असण्याचे कारण नाही. पण हेच गणित ज्याच्या गेमच्या जेमतेम दोन हजार प्रती खपतात त्याला लावून पाहावे.

रकमेपेक्षाही वेळ महत्त्वाची असते. स्टीमवर एखाद्या गेमला परीक्षणांचा शेरा दिसायला किमान दहा खेळाडूंची परीक्षणे लागतात, आणि ती स्टीमवरच गेम विकत घेतलेल्यांची असावी लागतात. सुरुवातीच्या दिवसांत विक्री झाली तर गेम नव्या आणि चर्चेतल्या गेमच्या यादीत येतो, यादीत आला तर अनोळखी लोकांना दिसतो, आणि तिथे दिसला नाही तर रोज येणाऱ्या डझनावारी गेमखाली गाडला जातो. सहा महिन्यांनी सेलमध्ये घेणारे आले तरी ती संधी परत येत नाही. ‘नंतर घेऊच की’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही, पण लहान गेमचे भवितव्य बहुधा त्या पहिल्या पंधरवड्यातच ठरून जाते.

हे सगळे दूरदेशीचे नाही. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ घडवला. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती उद्दिष्टापर्यंत पोचली नाही. तरीही काम चालू ठेवून 2020 मध्ये त्यांनी गेम पूर्ण केला. तो ऑगस्टमध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला, गेम खेळायच्या ज्या यंत्राची (कन्सोलची) भारतात अधिकृत विक्रीही होत नव्हती, आणि ऑक्टोबरमध्ये पीसी व इतर कन्सोलवर. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. आपल्याकडे गेम बनत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनीच, असा गेम आल्यावर ‘सेल लागू दे, मग बघू’ म्हणावे, हे मला मनापासून खटकते.

आणखी एक बारीक गोष्ट सांगायला हवी. कितीतरी लहान स्टुडिओ गेम आल्याच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत 10 ते 15 टक्के सूट स्वतःहून देतात, आणि ती संपल्यावर स्टीमच्या नियमामुळे पुढचे 30 दिवस त्यांना दुसरी सूट देता येत नाही. म्हणजे ज्याला तो गेम हवाच आहे, त्याच्यासाठी पहिला आठवडा हाच बऱ्याचदा जवळपासचा सर्वांत स्वस्त काळ असतो.

राहिला पूर्ण किंमत देणाऱ्याला मूर्ख ठरवण्याचा भाग. स्टीमने स्वतः प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार 2024 मध्ये तिथे खेळल्या गेलेल्या एकूण वेळेपैकी त्याच वर्षी आलेल्या गेमवर फक्त 15 टक्के वेळ गेला. म्हणजे बहुतेक लोक जुनेच गेम खेळतात आणि थांबल्याने त्यांचे काही बिघडत नाही. हा आकडा थांबणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तो मी लपवणार नाही. मात्र सेलमध्ये घेतलेले किती गेम आपण उघडूनही पाहत नाही, हेही प्रत्येकाने आपापल्या लायब्ररीत जाऊन पाहावे. 75 टक्के सवलत दिसली म्हणून घेतलेले आणि कधीच न खेळलेले पाच गेम हे स्वस्त नसतात. आवडीचा, त्याच रात्री सुरू करून शेवटापर्यंत नेलेला एक गेम पूर्ण किमतीतही त्यांच्यापेक्षा स्वस्त पडतो.

पीसीवर तर जोखीमही मर्यादित आहे. जून 2015 पासून स्टीमवर, खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास, कारण न विचारता पैसे परत मिळतात. आपल्या संगणकावर गेम अडखळतो का, हे त्या दोन तासांत पुरेसे कळते. प्लेस्टेशनवर मात्र असे नाही: तिथे गेम डाउनलोड करायला सुरुवात केली, की साधारणपणे परताव्याचा हक्क संपतो, आणि पीएस5 च्या मोठ्या गेमची किंमतही बरीच जास्त असते. तिथे डिस्कवरचा गेम घेऊन नंतर विकता येत असेल तर गोष्ट वेगळी, पण डिजिटल प्रत घेणाऱ्याने सेलसाठी थांबावे असेच मीही सांगेन.