सुजलेला गुडघा चोळू नका: हिमोफिलियावरच्या त्या मेसेजला उत्तर

‘हिमोफिलिया म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर. आवळा द्या, घट्ट होतात. गुडघा सुजला तर कोमट तेलाने चोळून शेक द्या. फॅक्टरची सवय लागते, टाळा. रक्त बाहेर दिसत नसेल तर काळजी नको.’ हा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवरून फिरत हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या मुलांच्या आयांपर्यंत पोचलाय, आणि फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन) थांबवून बघू का, असं त्या विचारू लागल्यात. म्हणून हे उत्तर.

भिंत मुळात धडधाकट असते. वाहिनी फाटली की आतलं कोलॅजन हे प्रथिन उघडं पडतं, रक्तातला वॉन विलेब्रँड फॅक्टर त्याला धरतो, त्यावर प्लेटलेट्स या रक्तातल्या बारीक पेशी चिकटून तात्पुरतं बूच बसतं. इथवर या मुलांमध्येही सगळं नीट चालतं, म्हणून सुई टोचल्याचं रक्त थांबतं. अडतं ते पुढे. भिंतीबाहेरच्या पेशींवरचं टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन थोडंसं थ्रॉम्बिन (गुठळी घडवणारं द्रव्य) तयार करवतं, पण शरीर तो मार्ग लगेच बंद करतं. मग प्लेटलेट्सवर बसलेली आठ आणि नऊ नंबरच्या फॅक्टरांची जोडी थ्रॉम्बिनचा लोंढा आणते आणि फायब्रिनच्या धाग्यांची जाळी पक्की होते. हिमोफिलियाच्या ए प्रकारात आठ कमी, बी प्रकारात नऊ. जाळी कच्ची राहते, बूच निसटतं. दात काढल्यावर थांबलेलं रक्त काही तासांनी पुन्हा सुरू होतं ते यामुळेच. सांध्याच्या अस्तरात टिश्यू फॅक्टर फारच कमी, त्यामुळे तिथे सगळी भिस्त आठ-नऊवर. गुडघा, कोपर, घोटा सुजतात ते म्हणून.

व्हिटॅमिन सी अगदीच कमी पडलं तर स्कर्व्हीत भिंती कमजोर होतात, हे खरं. पण तो वेगळा आजार. आवळ्याने फॅक्टरची पातळी वाढत नाही. वारंवार रक्त उतरलेल्या सांध्यात नव्या, नाजूक वाहिन्या तयार होतात, हेही मान्य. पण ते वेळेवर फॅक्टर न मिळाल्यामुळे.

चोळण्याचा सल्ला सर्वांत घातक. चोळल्याने जेमतेम धरलेली गुठळी सुटते, शेकाने वाहिन्या रुंदावतात, सांध्यात आणखी रक्त उतरतं. मूल सांध्यात मुंग्या किंवा ताठरपणा सांगतं, तेव्हाच फॅक्टर द्यायचा, सूज दिसायची वाट पाहायची नाही. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत, फॅक्टर पुरेसा असेल तर, सांध्यातल्या रक्तस्रावासाठी आठची पातळी निरोगी माणसाच्या ४० ते ६० टक्क्यांपर्यंत न्यायला सांगितलंय. किलोमागे १ युनिट आठ दिला की पातळी साधारण २ टक्के वाढते, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४० टक्क्यांसाठी ४०० युनिट. नऊ किलोमागे १ टक्काच वाढवतो, म्हणून ८०० च्या आसपास. नेमका डोस डॉक्टरच ठरवतील. सांधा हलवू नका, उंचावर ठेवा. दुखलं तर पॅरासिटामॉल. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डिस्प्रिन अजिबात नको. त्याने प्लेटलेट्सचं कामही बिघडतं, म्हणजे या मुलांकडे जे शाबूत आहे तेही जातं. दंडात किंवा कमरेत स्नायूत इंजेक्शनही नको.

सवय वगैरे काही लागत नाही. आठ सुमारे १२ तासांत निम्मा होतो, म्हणून पुन्हा द्यावा लागतो. तीव्र ए प्रकारातल्या सुमारे ३० टक्के मुलांत फॅक्टरविरुद्ध अँटीबॉडी बनते, एवढं खरं. त्यासाठी तपासणी आहे, वेगळी औषधं आहेत. परळच्या केईएम रुग्णालयात विचारा. फॅक्टर तिथे मोफत मिळतो.

आणि ‘रक्त बाहेर दिसत नसेल तर काळजी नको’? डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असलं तरी आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. स्कॅनच्या रांगेत फॅक्टर अडकवून ठेवायचा नाही.